तंगम्मानं धुतलेली बाळोती

अक्का बाळंतपणाला घरी आली, तेव्हा आईनं सगळ्यात आधी अप्पांची ट्रंक उघडली आणि त्यांच्या जुन्या वेष्ट्या बाहेर काढल्या. वेष्टी म्हणजे धोतरच, पण तंजावरात धोतर म्हणालात तर दुकानदार तोंडाकडे बघत बसेल. वर्षानुवर्षं धुऊन त्या इतक्या मऊ झाल्या होत्या की हातात घेतलं तरी वजन लागत नसे. आईनं एकेका वेष्टीची काठाची पट्टी फाडली आणि चौकोनी तुकडे करायला बसली. अप्पा पेपर वाचता वाचता कुरकुरले, "अगं, अजून दोन वर्षं चालली असती ही." आई म्हणाली, "तुमच्या कमरेला चालली असती. बाळाच्या ढुंगणाला ती आत्ताच मऊ अहे." आम्ही 'अहे'च म्हणतो. पंचवीस वर्षं पुण्यात काढल्यावर माझ्या बोलण्यातलं तंजावर बरंचसं गळून गेलंय, देवनागरीसुद्धा मी इथे आल्यावर, लग्नानंतर शिकले. पण त्या घरातली माणसं आठवली की ती माझं ऐकत नाहीत, आपल्याच बोलीत बोलतात.

आमच्या घरात कुठलीही वस्तू एकदा वापरून टाकली जात नसे, आणि हे मी कौतुकानं सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्याचं मूळ थोडंफार यातच होतं. कॉफीच्या फिल्टरमधून एक डिकॉक्शन निघालं की त्याच पुडीवर परत उकळतं पाणी ओतायचं, आणि ते दुसरं पाणी घरातल्या मुलींना. अप्पांची वेष्टी आधी अंगपुसणं व्हायची, मग बाळोतं, मग पुसायचं फडकं, आणि शेवटी तिची चिंधी चुलीजवळची भांडी धरायला. नवीन कापड बाळाच्या अंगाला लावायचंच नाही, जुनंच पाहिजे, आणि तेही घरातल्या म्हाताऱ्या, निरोगी माणसानं नेसलेलं. तो रिवाज होता. अप्पांसारखं आयुष्य बाळाला मिळावं म्हणून. अप्पांना त्या दिवसांत जरा भाव चढला होता, हे मात्र खरं.

बाळ झालं, मुलगा, आम्ही त्याला अप्पू म्हणायचो. आणि बाळाबरोबर घरात तंगम्मा आली. आमच्या आणि शेजारच्या तीन-चार गल्ल्यांत जन्मलेल्या बहुतेक पोरांना पहिली आंघोळ तिनं घातलेली. मलाही तिनंच. मागच्या अंगणात पाटावर पाय लांब सोडून ती बसायची, बाळाला पायांवर पालथं घालायची, तेल जिरवायची, ऊन पाणी ओतायची आणि तोंडानं काहीतरी बडबडत राहायची. मग ऊद जाळून त्याचा धूर बाळाच्या केसांना. तो वास सगळ्या घरात पसरायचा, त्यात अक्कासाठी आईनं घोटलेल्या लेह्याचा, त्या औषधी चाटणाचा वास, लसणाच्या कुळंबूचा, त्या चिंचेच्या रश्श्याचा वास. मला कडकडून भूक लागायची आणि मला मिळायचा मेतकूट-भात, कारण लसूण बाळंतिणीचा. आंघोळ झाली की तंगम्मा बाळोत्यांकडे वळायची. दगडावर आपटण्याचा तो आवाज, धप्, धप्, मग थोडं थांबून पाणी. तीन पाणी काढायची ती, मोजून. शनिवारी सगळी बाळोती तांब्याच्या हंड्यात उकळायची. आणि धुण्याआधी प्रत्येक बाळोतं उलगडून बघायची. "अम्मा, काल अक्कानं फणस खाल्ला का?" असं स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडायची. खाल्लेला असायचा. अक्का लाजून पांघरुणात शिरायची. तंगम्मा तमिळच बोलायची, तिचं बोलणं मी इथे मराठीत लिहितेय, पण त्यातला खडखडाट माझ्याच्यानं येत नाही.

तंगम्माला कैरासी आहे, असं सगळे म्हणायचे. म्हणजे हाताला गुण. तिच्या हाताचं पोर आजारी पडत नाही, तिच्या हाताखाली घामोळंसुद्धा येत नाही. गरोदर बाईला सातवा लागला की तिच्या घरचं माणूस तंगम्माकडे निरोप घेऊन जायचं. तिचा नवरा लवकर गेला होता, एक मुलगी सेल्वी, पापनाशमला दिलेली. बाकी तिच्याकडे काय होतं? ती कैरासी तेवढी होती.

अप्पू दोन महिन्यांचा असताना भावोजी सिंगापूरहून आले. येताना त्यांनी पावडर, तीन टॉर्च आणि अप्पूसाठी वापरून टाकायच्या नॅप्यांचं एक भलंमोठं पुडकं आणलं. पुडक्यावर निळ्या डोळ्यांचं गोबरं बाळ. असली वस्तू आमच्या गल्लीनं पाहिली नव्हती. शेजारपाजारच्या बायका येऊन हात लावून गेल्या. भावोजींनी सगळ्यांसमोर त्यात तांब्याभर पाणी ओतून दाखवलं आणि वरून हात फिरवून म्हणाले, "बघा, कोरडं." अप्पांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, "पाणी गेलं कुठे पण?" भावोजी म्हणाले, "आतच अहे." आईला ते पटलं नाही. "म्हणजे पोर घाणीतच बसलेलं अहे की! ओलं झालं तर पोरानं रडलं पाहिजे, रडलं तर आईनं उठलं पाहिजे. त्याला कळणारच नाहीं, तिला कळणारच नाहीं, मग कुणाला कळायचं?"

अक्काचं म्हणणं वेगळं होतं, आणि आज दोन मुलं वाढवल्यावर मला ते तेव्हापेक्षा जास्त कळतं. तिला सुट्टी संपल्यावर बँकेत परत जायचं होतं. सासरी ओरत्तनाडूला गेली की तिथल्या गाद्यांवर डाग पडतील म्हणून तिचा जीव वर-खाली व्हायचा. बसमध्ये मांडीवर पोर, पोराखाली रबराचा तुकडा, पिशवीत ओल्या बाळोत्यांचा गोळा, आणि वास. ती म्हणाली, "आई, तुझ्या हाताखाली तंगम्मा अहे. माझ्या हाताखाली तिथं कोण अहे?" आईनं पुडकं अक्काकडे सरकवलं. तंगम्मानं मात्र ती नॅपी बोटांत धरून उलटीसुलटी केली आणि परत ठेवली. "चांगली आहे," म्हणाली. "पण ही काही सांगणार नाही." तिला बाळोतं उलगडून बघायची सवय, म्हणून असेल. की आपलं काम जाणार हे तिला दिसलं होतं? मी तेव्हा विचारलं नाही. सतरा वर्षांच्या मुलीला धुणारीच्या मनात काय आहे याच्याशी काय देणंघेणं!

शेवटी तह असा झाला, की घरात बाळोती, बाहेर जाताना नॅपी. आणि तरीही आईनं दुसऱ्याच दिवशी काय केलं? डॉक्टरांकडून आल्यावर अक्कानं काढून ठेवलेली नॅपी तिनं गुपचूप मोरीत नेली आणि साबण लावून धुतली. ती जी फुगली! आतून साबुदाण्यासारखी बुळबुळीत खीर बाहेर आली, मोरीचं तोंड तुंबलं, अप्पांनी काठी घालून ते मोकळं केलं. आम्ही पोट धरधरून हसलो. आई म्हणाली, "एकदा वापरून टाकायचं म्हणजे काय! मोठ्या लोकांची थेरं!" हे सगळं मी अजून लग्नाकार्यात सांगते आणि लोक हसतात. पुढचं सांगत नाही.

पुढचं म्हणजे मे महिन्यातलं. अक्का बँकेत परत रुजू झाली होती, माझी बारावीची परीक्षा संपून निकालाची वाट बघणं चाललं होतं. त्या दिवशी आई-अप्पा तिरुवैयारूला एका तिथीला गेले. अप्पू चार महिन्यांचा झाला होता, तो माझ्याकडे. तंगम्मा सकाळीच आंघोळ घालून, बाळोती वाळत टाकून गेली होती. आणि पलीकडच्या उषाच्या घरी नवीन केबल आलं होतं. माझी वर्गमैत्रीण ही उषा. दुपारी सिनेमा होता, मला तो बघायचाच होता, दोन दिवस माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. पण उषाच्या घरी केबलबरोबर नवा सोफाही आला होता, आणि उषाची आई त्या सोफ्यापायी आपल्या नवऱ्यालाही जमिनीवर बसवायची. "पोराला घेऊन ये, पण ओलं करायचं नाही हं," तिनं बजावलं होतं. बाळोत्यात गुंडाळलेलं पोर घेऊन मला तिथे कोण बसू देणार?

पुडक्यात पाच-सहा नॅप्या उरल्या होत्या. अक्का त्या ओरत्तनाडूच्या खेपेसाठी राखून होती, एक जरी कमी झाली असती तरी तिला कळलं असतं. आणि मोरीपाशी आदल्या दिवशीची एक पडली होती. लस टोचायला नेताना घातलेली, तासाभरात काढलेली, थोडीशीच ओली. मी मोठ्या शहाणपणानं विचार केला. आई चुकली ती पाण्यात घालून. आपण नुसती उन्हात वाळवू! गच्चीवरच्या तापलेल्या विटांवर मी ती पसरली, दोन तासांनी ती कडकडीत वाळली. वास घेऊन पाहिला, फारसा येत नव्हता. वर पावडर मारली. चिकटपट्ट्या निकामी झाल्या होत्या, म्हणून दोन्हीकडे सेफ्टीपिना लावल्या. आमच्या घरात वाढलेल्या मुलीलाच हे सुचू शकतं. दुसऱ्या डिकॉक्शनवर वाढलेल्या मुलीला.

बारा ते चार तो त्या सोफ्यावर होता. अधूनमधून किरकिरला, मी त्याला पाण्याची बाटली दिली, मांडीवर झुलवलं, खुळखुळा वाजवला. एकदा जोरात रडला तेव्हा नायिकेचं लग्न मोडत होतं. मी त्याला खांद्यावर टाकून उभ्याउभ्या तो प्रसंग पाहिला. मी उघडून बघितलं नाही. हे वाक्य लिहायला मला फार वेळ लागलाय. मला कळत होतं की त्याला काहीतरी होतंय आणि मी उघडून बघितलं नाही.

घरी आणून मी पिना काढल्या. जांघेत, खाली, सगळीकडे लालभडक झालं होतं, दोन ठिकाणी फोड येऊन फुटलेही होते. तो तेव्हा रडतही नव्हता, नुसता हुंदके देत होता. मी त्याला धुतलं, खोबरेल लावलं. ती नॅपी वर्तमानपत्रात गुंडाळून मागच्या भिंतीवरून केळीत फेकली. आणि मग दोरीवरचं वाळलेलं, उन्हाचा वास असलेलं, तंगम्मानं धुतलेलं बाळोतं काढून त्याला बांधलं. मी ते का केलं? पोराला मऊ लागावं म्हणून केलं, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत होते. पण सहा वाजता अक्का घरी आली आणि तिनं त्याला उचलून गाठ सोडली, तेव्हा त्या जखमांना चिकटलं होतं ते तंगम्माचं बाळोतं होतं.

"अय्यो! हे कशानं झालं?" अक्का किंचाळली. मी म्हणाले, "कळत नाहीं. दुपारपासून किरकिरत होता." तोवर आई-अप्पा आले. आईनं बाळोतं नाकाशी धरलं. त्याच आठवड्यात आमच्या घरी साबणाच्या वडीऐवजी नवीन धुण्याची पूड आली होती, दोन पुड्यांवर एक फुकट, आणि आईनंच ती तंगम्माला दिली होती. आईचा चेहरा बदलला. सकाळी डॉक्टरांनीही पहिला प्रश्न तोच विचारला, कपडे कशानं धुता? साबण राहिला असेल कापडात, ते म्हणाले. त्यांना मी काही सांगितलंच नव्हतं, तर ते दुसरं काय म्हणणार?

डॉक्टरांकडून आलो तर तंगम्मा मागच्या दाराशी पदर खोचून उभी होती, आंघोळीचं पाणी तापवून. आईनं तिला आत बोलावून पोर दाखवलं. तंगम्मानं खाली वाकून पाहिलं, हात पुढे केला, आणि अक्कानं पोर मागे घेतलं. आई म्हणाली, "ती पूड नीट खळबळली नाहीस का, तंगम्मा?"

"तीन पाणी काढलं, अम्मा. रोज काढते."

"मग हे कसं झालं?"

"माहीत नाही, अम्मा. पण बाळोत्यानं असं होत नाही."

अप्पा कधी मध्ये पडत नसत, पण त्या दिवशी पडले. माझ्याकडे वळून, अगदी शांतपणे त्यांनी विचारलं, "तू त्याला काल दुसरं काही घातलं होतंस का, बाळ?" मला वाट करून दिली होती त्यांनी. एक 'होय' म्हणायचं होतं. फार तर अक्कानं थोबाडीत दिली असती, उषाकडे जाणं बंद झालं असतं, आईनं आठ दिवस अबोला धरला असता. एवढंच. मी म्हणाले, "नाहीं." आणि तेवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं, पण माझी जीभ पुढे गेली. "मला कालच त्या बाळोत्याला साबणाचा वास आला होता. हाताला चिकटचिकट लागत होतं."

तंगम्मानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. आंघोळ घालताना बाळ अचानक गप्प झालं की ती जशी थांबून त्याच्याकडे बघायची, तसं. मग आईला म्हणाली, "असेल, अम्मा. डोळे आता पहिल्यासारखे राहिले नाहीत." आई म्हणाली, "थोडे दिवस येऊ नको. बरं वाटूं दे पोराला, मग बघूं." तंगम्मानं तापलेलं पाणी हंड्यातच ठेवलं, चुलीतलं लाकूड बाहेर ओढून विझवलं आणि गेली.

अप्पू दहा दिवसांत खडखडीत बरा झाला. आज तो सहा फुटी गडी आहे, बंगळूरला नोकरी करतो, त्याला यातलं काहीच ठाऊक नाही. पण समोरच्या घरी त्याच महिन्यात बाळंतपण होतं. त्यांनी आईला विचारलं, आईनं जे झालं ते सांगितलं, त्यात तिखटमीठ लावलं नाही, पण लपवलंही नाही. त्यांनी दुसरी बाई बोलावली. मग त्यांच्या मागच्या घरानं. कुणी तंगम्माला काही बोललं नाही, भांडण नाही, आरडाओरडा नाही, नुसते निरोप यायचे थांबले. दिवाळीच्या सुमाराला ऐकलं की ती खोली सोडून लेकीकडे पापनाशमला गेली. आई हळहळली. "पावम्, बिचारी. हात चांगला होता तिचा. वय झालं." मी तिथेच बसून कांदे चिरत होते. तेव्हाही बोलता आलं असतं. मी कांदे चिरत राहिले.

सात वर्षांनी मी माझ्या पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेले. माझ्या मुलीला आंघोळ घालायला कुणीच मिळेना, त्या बायकाच राहिल्या नव्हत्या. बाळोती धुणार कोण म्हणून मी सरळ नॅप्या आणल्या, कोपऱ्यावरच्या दुकानात एकेक सुटी मिळायला लागली होती. दर तीन तासांनी मी ती उघडून बघायची. कोरडी असली तरी बघायची. रात्री उठून बघायची. माझा नवरा म्हणायचा, अगं किती बघशील? त्याला काय सांगणार? एक दिवस दुपारी मी मुलीला उचललं, आईला देवळात जाते म्हणाले आणि पापनाशमची बस धरली.

घर सापडायला त्रास झाला नाही. तंगम्मा ओसरीवर बसून मुरुंग्याचा, म्हणजे शेवग्याचा, पाला निवडत होती, बरीच वाळली होती. मला तिनं लगेच ओळखलं. "पाप्पा, पोरी! लग्न झालं? पोर झालं?" मी मुलीला पुढे केलं. तिनं हात पुढे केले नाहीत. पदराला पुसले, आणि मांडीवर ठेवून दिले. "लांबूनच बघते," म्हणाली. "छान आहे."

मी सगळं सांगितलं. सोफा, गच्ची, पिना, केळीत फेकलेलं पुडकं, अप्पांनी विचारलं ते, आणि साबणाचा वास. रडत सांगितलं, नाक पुसत, मुसमुसत. ती पाला निवडत राहिली. माझं संपलं तेव्हा म्हणाली, "मला तेव्हा वाटलं होतं. मग वाटलं, नाही, एवढीशी पोर कशाला खोटं बोलेल? माझ्याच हातून झालं असेल. ती पूड नवीन होती." मग पाल्याच्या काड्या बाजूला सारत म्हणाली, "मला कशाला सांगतेस आता? तिला सांग." आणि तिनं मानेनं आतल्या बाजूला दाखवलं.

आत सेल्वी होती, तिची लेक, शिवणयंत्रावर. माझं बोलणं सगळं ऐकलेलंच होतं तिनं, यंत्र कधीचं थांबलं होतं. तरी मी उभी राहून परत सांगितलं, पहिल्यापासून. तिनं हातातलं कापड यंत्रावरून काढून ठेवलं. मग बाहेर खेळणाऱ्या एका सात वर्षांच्या मुलीला हाक मारून आत घेतलं आणि म्हणाली, "ही त्याच सालची. आई इथे आली तेव्हा ही बारा दिवसांची होती. तुमच्या गल्लीतली गोष्ट इथवर आली होती. मी भ्याले. पहिलटकरीण होते. हिला आंघोळ घालायला मी दोन गल्ल्या पलीकडची बाई आणायची. आई त्या दारात उभी राहून बघायची. रोज. एकदाही म्हणाली नाही की मी घालते."

मी हात जोडले. माझं चुकलं म्हणाले, तमिळमध्ये, मग कुणास ठाऊक का, मराठीत. माझ्या कडेवरची मुलगी रडायला लागली, मी तिथेच खाली बसून तिची नॅपी उघडली आणि बदलली. दोघी बघत होत्या. मग तंगम्मा बाहेरून म्हणाली, "ऊठ. साडेचारची बस गेली तर मग अंधार होईल." मी उठले. 'असू दे' असं त्या दोघींपैकी कुणीही म्हणालं नाही. त्यांनी म्हणायला हवं होतं, असं नाही. पण ते ऐकायलाच मी पोर घेऊन पापनाशमला गेले होते, आणि ते ऐकायचं अजूनही माझ्या मनातून जात नाही, याची मला फार लाज वाटते.